अशोकला न दिलेलं पाणी

गया, तुझ्या मातीला आलेल्या माणसांनी घरातली सगळी साखर संपवली.

हे तुला आधी सांगतो. हार, रडारड, भाषणं यांची तुला कधी फिकीर नव्हती, पण साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं की तू गोठ्यातून ओरडायचीस, कोण हाय तिकडं म्हणून. रेशनची साखर तू लेकरांच्या पाण्यासाठी राखून ठेवायचीस आणि मला जन्मभर गुळाचा चहा पाजलास. तर माणसं आली, बसली, चहा प्याली, तुझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलली आणि पुन्हा चहा प्याली. म्हणाली, गयाबाई म्हणजे देवमाणूस. धम्म घेतला, देव सोडले त्याला इतकी वर्षं झाली, पण मेलेल्या माणसाला देव करायची आपल्या लोकांची खोड काही जात नाही.

मी ऐकून घेतलं. तू देवमाणूस नव्हतीस. तू हट्टी होतीस, तोंडाळ होतीस, भाकर करपवायचीस. करपली म्हणलं तर वर तोंड करून म्हणायचीस, करपलेली पोटाला चांगली, रेडिओवर सांगितलंय. रेडिओवर असं कुणी सांगितलं नव्हतं. भाकरी थापताना तुझा सगळा जीव रेडिओत, म्हणून करपायची. आपला संसार भांडणातच झाला आणि आता भांडायला समोर कुणी नाही म्हणून लिहायला बसलो. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे. तुला तर तेवढंही वाचता येत नव्हतं, तेव्हा चुका काढू नकोस.

पण साखरेचं उगाच काढलं नाही. तुझ्या नावानं पाणी सोडायच्या, म्हणजे जलदानाच्या आदल्या दिवशी आपल्या शांतीच्या पोरीला, तुझ्या सोनीला, हगवण लागली. तुझ्यासाठी माहेरी आलेली शांती लेकरू मांडीवर घेऊन बसलेली, घरात साखर नाही, आणि घरात तू नाहीस. लेकरू आमच्या डोळ्यांदेखत सुकायला लागलं. ते काय झालं ते सांगायचंय तुला. पण त्याच्या आधी अशोकचं बोलावं लागंल. त्याचं बोलल्याशिवाय आपलं दोघांचं कुठलं बोलणं पुरं झालंय?

अशोक आपलं पहिलं लेकरू. नुकता चालायला लागलेला. उन्हाळ्यात हगवण लागली. माझ्या आईनं सांगितलं, जुलाबात पाणी पाजलं की पोट अजून धुऊन निघतंय, पाणी बंद करा, अंगावरचं दूध बंद करा. एकट्या आईचं म्हणणं नव्हतं ते. सगळ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तेच म्हणायच्या, त्यांच्या आयांनीही तेच केलेलं. पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. तो ओरडला, मग ओरडायचाही थांबला. तुझी छाती दुधानं दगड झालेली, तुला आईनं पलीकडच्या खोलीत बसवलं, लेकराला वास येऊ नये म्हणून. आणि तो सरकत सरकत रांजणापाशी गेला. रांजणाला बाहेरून ओल सुटती, ती त्यानं जिभेनं चाटली. तू आलीस, बघितलंस आणि त्याला उचलून बाजूला केलंस. तूच केलंस. आईनं सांगितलं होतं म्हणून, आणि तो जगावा म्हणून.

त्याच दुपारी गेला.

तेव्हा आपण रडलो आणि गप झालो. तेवढंच आयुष्य घेऊन आला होता असं लोक म्हणाले, आपणही म्हणलं. पुढं त्याच्या पाठीवर शांती झाली, ती जगली, आपल्या पोटाला लागली. मधी एवढी वर्षं गेली की मला अशोकचं तोंडही नीट आठवंना. माझं बरं चाललं होतं, गया. मग आपण रेडिओ घेतला.

दुपारची वेळ होती. तू दारात बसून तूर पाखडायलीस. रेडिओवर कुणीतरी डॉक्टरीणबाई बायकांना सांगत होती. जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी कधी तोडू नका, लेकरू जुलाबानं मरत नाही, अंगातलं पाणी संपून मरतं. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा, अंगावरचं दूधही चालू ठेवा. एवढंच. पुढं गाणं लागलं असंल. मी शेतातून आलो तर घरभर चिखल. तू वरवंटा घालून रांजण फोडला होतास आणि खापरात बसली होतीस.

मी म्हणलं, "येड लागलं का तुला?"

"ती बाई म्हणली, पाणी द्यायचं असतंय."

"कुणाला?"

"आशोकला."

मला आधी कळंना कोणता अशोक. मग कळलं, आणि मी त्या रेडिओकडं असं बघितलं जसं माणूस घरात शिरलेल्या सापाकडं बघतो. लोकांना त्या डबड्यानं माहिती दिली. कपाशीवरच्या अळीची, बाजारभावाची, लेकराच्या जुलाबाची. तुला त्यानं सांगितलं की तू तुझं लेकरू तहानलेलं मारलंस. एवढ्या वर्षांनी. कशाला सांगायचं? ज्याचं लेकरू अजून मरायचंय त्याला सांगावं. ज्याचं मरून गेलं त्याच्या घरी दुपारच्या पारी येऊन कशाला सांगायचं?

त्या दिवशी तू पहिल्यांदा विचारलंस. "आवो, पाणी दिलं असतं तर जगला असता का तो?"

"न्हाई," मी म्हणलं.

"कशावरून?"

"मला म्हाईत हाय."

"तुमाला काय म्हाईत? तुमी डाक्टर हाव का?"

"मग मला कामून इचारायलीस? जा, त्या तुज्या डबड्याला इचार."

तू डबड्याला विचारलं नाहीस. मलाच विचारत राहिलीस. खुरपताना विचारायचीस, कापूस वेचताना विचारायचीस, माझा घास तोंडात असताना विचारायचीस. मी दरवेळी न्हाई म्हणायचो. एकदा तुझ्या अंगावर ताट फेकलं तेव्हाही म्हणलं न्हाईच.

रेडिओ मी दोनदा लपवला, तू दोनदा शोधलास. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या साली आपल्या गल्लीवर दगड आले, तेव्हा माणसं ज्वारीत पळाली. कुणी दुभती शेळी घेतली, कुणी पितळेची भांडी. तू पदराखाली काहीतरी धरून पळायलीस, मला वाटलं शांतीचे कपडे असतील. ज्वारीत बसल्यावर बघतो तर रेडिओ. मी म्हणलं, "घर जळालं तर काय ह्येच्यात शिजवणार का?" तू म्हणलीस, "बोंबलू नका, ऐकू जाईल." मरायच्या भीतीतसुद्धा तू मला हसवलंस, याचा मला अजून राग आहे.

त्या रेडिओवर तुझं भागंना. मग तू कागद गोळा करायला लागलीस. दुकानातून शेंगदाणे, हळद, खोबरं जे काही यायचं त्याची पुडी तू फेकून देत नव्हतीस. कागद उलगडायचीस, मांडीवर हात फिरवून सरळ करायचीस आणि माझ्यापुढं आणायचीस. "वाचा बरं, आजाराचं काही हाय का." मी चष्मा लावून वाचायचो. आजाराचं नसलं की मी माझ्या मनचं वाचायचो. नवऱ्याला आठवड्यातून एकदा कोंबडी घालावी, त्यामुळे बायकोचे गुडघे दुखत नाहीत.

"त्येच्या वरच्या वळीत तर कांद्याचा भाव हाय म्हणला होता तुमी."

"त्यो वेगळा कांदा."

"खोटं वाचल्यानं डोळे जात्यात, असंबी लिवलंय का बगा तिथंच."

आणि त्या पुड्या फाटक्या. अर्धी माहिती एका पुडीत, अर्धी दुसऱ्याच्या घरी. एकदा असंच निघालं, तान्ह्या बाळाला मध, आणि पुढं कागद फाटलेला. द्यावा का देऊ नये, काही कळंना. तू काय केलंस? दुकानदाराला जाऊन विचारलंस, त्या दिवशी ह्याच पेपरात आणखी कुणाला काय बांधून दिलं. आणि दारोदार फिरलीस, तुमच्याकडं शेंगदाण्याची पुडी हाय का, तेल न लागलेली. वरच्या आळीतल्या एका बाईनं तुला वाटेवरूनच हाकललं, की आता तुमची माणसं आमच्या घरात कागद शोधत येणार का म्हणून. तू तिला म्हणलीस, "कागद नगं. लेकराला मध चाटवू नगंस तवर, मला नीट कळल्यावर येऊन सांगते." आणि बोरीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारून दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन, देऊ नये म्हणून, सांगूनही आलीस. बाहेरूनच. मी म्हणलं, तुझ्यासारखी लाज सोडलेली बाई बघितली नाही. तू म्हणलीस, लाजच धरली होती आशोकच्या वेळी.

तुझ्या माहितीनं किती लेकरं वाचली याचा हिशोब लोक त्या दिवशी चहा पिता पिता करत होते. मी केला नाही. ती लोकांची लेकरं होती. माझ्या वाट्याला तर तू नुसती विचारत आलीस.

आणि तुझी सगळी माहिती तुझ्या काय कामाची आली, सांग. त्या दिवशी सकाळी म्हणलीस, छातीत दुखायलंय. घाम फुटलेला. मी म्हणलं, गाडी जुंपतो, बोरीला जाऊ. तू म्हणलीस, पित्त हाय, बसा गुमान. आणि लेकरांसाठी करायचीस ते मीठ-साखरेचं पाणी कालवून पीत बसलीस. मी म्हणलं, "हे तर जुलाबाचं औषध." तू म्हणलीस, "पाण्यानं कुणाचं वाईट झालंय?" मी पुन्हा म्हणलं, चल. तू म्हणलीस, "छातीचं रेडिओवर कुणी कधी सांगितलं न्हाई." नाहीच सांगितलं. रेडिओवर लेकराचं सांगतात, दोन जिवाच्या बाईचं सांगतात, बैलाच्या खुराचं सांगतात. साठी उलटलेल्या बाईच्या छातीचं कोण कशाला सांगंल? मी बैल सोडून आणेपर्यंत तू भिंतीला टेकली होतीस आणि पेला कलंडला होता. पाण्यावर एवढा भरवसा ठेवलास, आणि पाणी पीत पीत गेलीस. मूर्ख बाई.

आता सोनीचं.

सकाळपासून ती पाण्यासारखं हगायली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, टाळू खड्डा पडल्यागत बसली, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. रडायची पण आवाज मांजराच्या पिलाचा. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं तर नामांतरासाठी बंद. आपल्याच पोरांनी रस्त्यावर दगड लावलेले, येस्टी नाही, जीप नाही. आपला जावईही त्यांच्यात सेलूच्या रस्त्यावर बसलेला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. गाडी जुंपून बोरीला माणूस पाठवला, तो सांगत आला की डॉक्टरच्या दाराला कुलूप आहे आणि नर्सबाई बंदात परभणीकडं अडकली.

घर माणसांनी भरलेलं. तुझ्या जलदानासाठी आलेले पाहुणे, आणि त्या सगळ्यांवर माझी थोरली बहीण जनाक्का. तुझं आणि आक्काचं कधी पटलं नाही, पण तुझ्या मातीला सगळ्यात मोठ्यानं तीच रडली. तिनं सोनीच्या टाळूवर एरंडेल थापलं, शांतीच्या मांडीवरून लेकरू ओढून घेतलं आणि फर्मान काढलं.

"शांते, पाजू नगं तिला. पाणीबी नगं. पोट कोरडं पडू दे, आपोआप बांधंल."

आणि कुणाला तरी म्हणाली, चुलीत बिब्बा टाका.

शांती माझ्याकडं बघायली. "आबा, आई काय करायची हो? किती मीठ टाकायची?"

मी म्हणलं, "मला इचारायलीस? तुझा जल्म गेला ते बघण्यात."

"आई करायची, म्या बगायची. आई हाय म्हणून ध्यान दिलं न्हाई, आबा."

बघ. गावाला सांगितलंस आणि घरात कुणाला शिकवलं नाहीस. तू असताना आम्हाला कशाला शिकायचं होतं? आम्हाला वाटलं तू म्हणजे रानातली विहीर, राहणारच. मी तुला शिव्या घातल्या मनात. मग उठलो. उकळून गार झालेलं पाणी होतं, पाहुण्यांच्या चहासाठी चढवून तसंच राहिलेलं. साखरेचा डबा उघडला तर तळ खरवडलेला. गूळ होता. गूळ फोडला. मिठाची बरणी काढली आणि तिथं अडलो. चिमूटभर म्हणायचीस तू, पण चिमूट कुणाची? तुझी चिमूट म्हणजे चिमणीची चोच. माझ्या तीन बोटांत आमटीचं मीठ मावतं. आणि तूच शंभरदा सांगितलेलं, मीठ जास्ती झालं की लेकराला पाण्याऐवजी विष होतंय.

मग आठवलं. लेकराला द्यायच्या आधी तू ते पाणी जिभेवर घ्यायचीस आणि म्हणायचीस, डोळ्यातल्या पाण्याहून खारट नगं. नर्सबाईनं सांगितलेलं तुला.

माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तू गेल्यापासून आलंच नाही. लोकांनी ते बघून ठेवलं होतं आणि आपापसात बोललेही होते. मला चव आठवंना. समोर आक्का बसलेली, बिब्ब्याकडं एक डोळा आणि तुझ्या नावानं गळा काढलेला. मी वाकलो, तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि चाटलं.

"आरं ये मुडद्या! काय करायलास?"

"चव बगायलोय."

"कशाची?"

"तुज्या रडण्याची. फिकं हाय, आक्का. मीठच न्हाई त्याला."

बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. मयताच्या घरात हसू फुटलं, तुला आवडलं असतं. मी शांतीच्या गालावरचं बोटाला घेतलं. ते खारट होतं. ते जिभेवर धरलं आणि पाण्याची चव घेतली, पाणी जास्त खारट झालेलं. पाणी वाढवलं. गूळ वाढवला. पुन्हा शांतीचा गाल, पुन्हा पाणी. आक्का म्हणायली, "बायको मेली आन ह्याचं डोस्कं फिरलं. लेकरू मरायलंय आन हा पोरीचे आसू चाटायलाय."

पाणी जमलं असं वाटलं. मी सोनीला घ्यायला गेलो तर आक्कानं धरून ठेवली आणि बिब्बा फडक्यात उचललेला. मी तो हातातून ओढला आणि बाहेर फेकला. बोटं पोळली, अजून फोड आहेत.

"मारतोस तिला!" आक्का ओरडली. "पाणी पाजून मारतोस. तुज्या बायकोनं सगळ्या घराला खूळ लावलं. आता ह्या पोरीचीबी माती कर आन बस चाटत."

मी म्हणलं, "आक्का, आपल्या मायनं एक मारलंय. तू दुसरं मारू नगंस."

अशोकच्या वेळी आक्का घरात होती. पोटावर डाग देताना पाय तिनं धरले होते. तिनं लेकरू सोडलं नाही पण तिचे हात ढिले झाले. म्हणाली, "तवा कुणाला म्हाईत होतं रं?"

"आता म्हाईत हाय."

मी घेतली सोनीला. चमचा लावला. ओठ लाकडासारखे, पाणी कडेनं गळालं. पुन्हा लावला, तिनं जीभ हलवली. पुन्हा. मग तिनं चमचाच धरला दोन दातांत आणि सोडंना. थोडं पोटात गेलं तशी सगळं उलटलं, माझ्या अंगावर. आक्का म्हणाली, "बगा." मी थांबलो. शांतीला म्हणलं, छातीला लाव. मग पुन्हा चमचा. एक चमचा, थांबायचं, एक चमचा. तू कशी तासन्‌तास बसायचीस लोकांच्या दारात जाऊन, ते मला तेव्हा कळलं. मी म्हणायचो, बाई नुसती मिरवायला बसती. पाठ मोडून निघती गया त्याच्यात. आळीपाळीनं मी आणि शांती, तांब्या संपला की दुसरा, पहिला राहिला तर फेकून ताजा. हगवण थांबलेली नव्हतीच. जेवढं जाईल त्याच्यापेक्षा जास्त आत घालायचं, एवढंच डोक्यात धरलं. उजाडलं तरी आम्ही तिथंच.

सकाळी जलदानाला माणसं जमली. तुझा फोटो मांडला, मेणबत्त्या लावल्या. वंदना घ्यायला आलेले गुरुजी पाटावर बसले. मला बोलावलं. मी म्हणलं, थांबा. परत बोलावलं. पाहुण्यातला एक शहाणा दारात येऊन म्हणाला, "आबा, आधी गेलेल्या माणसाचं उरकावं लागतंय."

मी म्हणलं, "गेलेलीला घाई न्हाई. तुला असली तर जा."

तो गेला नाही, दारातच उभा राहिला. सगळी माणसं खोळंबून राहिली. बाहेर तुझ्या नावानं सोडायचं पाणी कळशीत भरून ठेवलेलं आणि आत मी तुझ्या नातीच्या तोंडात पाणी घालायलोय. लोकांना ते अवघड वाटलं. चुळबूळ, खोकला. कुणीतरी हळू म्हणालं, पोरगीच तर हाय. मी ऐकलं, कोण म्हणालं तेही ओळखलं. त्याच्या पोराला तू एका पावसाळ्यात असंच वाचवलेलं. तुझा मोठेपणा सांगणाऱ्यांत तोच पुढं होता.

मग सोनी मुतली. माझ्या धोतरावर, गरम, लय वेळ. आदल्या दुपारपासून पहिल्यांदा. शांती ओरडली, "आबा, मुतली!" आणि जशी काही लॉटरी लागली तशी बाहेर आरोळी गेली. मुतली, मुतली. गुरुजीसुद्धा पाटावरून उठून बघायला आले. आक्का आली, सोनीच्या टाळूवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसली. तिथं ती रडली. ते आवाज न करता होतं. त्याची चव बघायला मी गेलो नाही.

मी तसंच ओलं धोतर घेऊन वंदनेला बसलो. पंचशील म्हणलं. तुझ्या नावानं पाणी सोडलं. गुरुजी तुझ्याबद्दल चांगलं बोलले, शांत स्वभाव होता म्हणाले. मी काही सुधारलं नाही.

आता घर रिकामं झालंय. सोनी बरी आहे, काल तिनं तुझ्या रेडिओची सुई ओढून मोडली. शांतीला मी ते पाणी रोज करायला लावतो, कुणी आजारी असो नसो, हात बसावा म्हणून. ती म्हणती, आबा, पुरे आता. मी म्हणतो, कर. आक्का सेलूला गेली. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "किती गूळ टाकलास रं?" मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणून घेतलं आणि गेली.

एक गोष्ट राहिली. तू इतकी वर्षं विचारायचीस आणि मी न्हाई म्हणायचो. मला काय माहीत होतं? काहीच नाही. मी न्हाई म्हणलं की तू मान हलवायचीस आणि पुढचा घास घ्यायचीस, खुरपं उचलायचीस, एवढं मला माहीत होतं. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, हेही मला माहीत होतं. तू रेडिओवर विश्वास ठेवलास, फाटक्या पुड्यांवर ठेवलास, पण हे एवढंच तू मला विचारायचीस, कारण बाकी कुणी न्हाई म्हणालं नसतं. चांगलं केलंस. मला तेवढ्या कामाचा तरी समजलीस.

पण त्या रात्री मी माझ्या हातानं केलं, गया. गूळ, मीठ, पाणी आणि चमचा. माझ्या मांडीवर लेकराच्या डोळ्यांत उजेड परत येताना मी बघितला. त्याला डॉक्टर लागला नाही, परभणी लागली नाही. आता मी पुन्हा न्हाई म्हणू शकत नाही.

जगला असता. रांजणापाशीच बसला होता तो, तांब्याभर पाण्यात जगला असता. आता विचारशील तर मला हे सांगावं लागंल. म्हणून म्हणतो, गेलीस ते बरं झालं.